इंदूरला शिकायला गेलेली मुलगी ‘परत येते’ म्हणते तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात शहापूरजवळचं गाव. मुलगी आठवीपर्यंत मराठी माध्यमात, पुढे हिंदीत शिकली, बारावीला गावात पहिली आली. राज्य सरकारच्या मेधावी विद्यार्थी योजनेत फी सुटली आणि इंदूरच्या सरकारी कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. भंवरकुआ भागात आणखी दोन मुलींबरोबर भाड्याची खोली आहे. दीड महिना झाला, आणि आता रोज रात्री फोनवर रडते. वर्गात कळत नाही, डबा घशाखाली उतरत नाही, खोलीतल्या मुलींचा खर्च झेपत नाही. तिला परत आणावी का, असं तुम्ही विचारलं आहे.

आत्ता आणू नका. तिला सहन करायला शिकवावं म्हणून हे सांगत नाही. दीड महिना ही निर्णय घेण्याची सगळ्यात चुकीची वेळ आहे, आणि तिने सांगितलेल्या तीनही अडचणींवर वेगवेगळा, करता येण्याजोगा उपाय आहे.

आधी वेळेबद्दल. पहिले दोन आठवडे नवलाईत जातात. राजवाडा बघून होतो, सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार बघून होतो, प्रवेशाची धावपळ असते. तिसऱ्या आठवड्यापासून रोजचं जगणं सुरू होतं आणि मन खाली येतं. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्व्हेरे लिसगार्ड यांनी १९५५ साली शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना असाच आकार दिसला: सुरुवातीला बरं, मध्ये खोल खड्डा, मग पुन्हा चढण. पुढच्या अभ्यासकांनी त्यात दुरुस्ती केली. हा आकार सगळ्यांना लागू होत नाही, अनेकांना पहिला दिवसच सगळ्यात जड जातो. पण खड्ड्यात उभं राहून पुढच्या तीन वर्षांचा निर्णय घेऊ नये, एवढं त्यातून नक्की घ्यावं. आणि एक आधीच सांगून ठेवते: दिवाळीला घरी येऊन गेल्यावर ती पुन्हा खाली जाईल. ती दुसरी उतरण लहान असते. ती येणार हे घरच्यांना माहीत असलं की घाबरायला होत नाही.

शिष्यवृत्तीवर गेलेल्या मुलांचं दुखणं इतर मुलांसारखंच असतं, पण त्याला एक वेगळी गाठ असते. गावात तिची ओळख ‘हुशार’ हीच होती. आता वर्गात ऐंशी मुलं आहेत आणि त्यातली निम्मी तरी आपापल्या शाळेत पहिली आलेली आहेत. पहिल्या चाचणीत ती मधे कुठेतरी येते आणि तिला वाटतं, आपल्याला चुकून निवडलं. मग ती शंका विचारत नाही, कारण विचारलं की अज्ञान उघडं पडेल. सरांना भेटत नाही, कारण ‘स्कॉलरशिप काढून घेतली तर’ अशी धास्ती असते. मदतीची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच ही मुलं सगळ्यात जास्त लपवतात. तिला स्पष्ट शब्दांत सांगा: शंका विचारल्याने कुणाची शिष्यवृत्ती जात नाही. ती जाते परीक्षा बुडवल्याने, हजेरी घसरल्याने आणि नूतनीकरणाचा अर्ज राहून गेल्याने.

आता कामाला लागू. एक आठवडा तिला रोज रात्री चार ओळी लिहायला सांगा: आज कुठल्या वेळी वाईट वाटलं, कुठे होते, त्याआधी काय झालं, शेवटचं पोटभर कधी जेवले. सात दिवसांनी ती वही तिची तिनेच वाचावी. ‘मला इथे जमतच नाही’ हे एक मोठं ओझं वाटतं. कागदावर उतरलं की ते फुटतं. सकाळी अमुक एका तासाला काही कळलं नाही, दुपारचा डबा परत गेला, संध्याकाळी पार्टीला नाही म्हटलं, नऊला फोनवर रडले. यातल्या प्रत्येकाचा इलाज निराळा आहे.

भाषेपासून सुरुवात करा, कारण बाकी निम्मी भीती तिथूनच येते. तुमच्या भागातल्या मुलांना हिंदी उत्तम येतं, त्यामुळे भाषेची अडचण असेल असं कुणाच्या मनातच येत नाही. अडचण बोलण्याच्या हिंदीत नसते, विज्ञानाच्या शब्दांत असते. मराठीत ‘अणू’ म्हणजे ॲटम आणि ‘रेणू’ म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत ॲटमला ‘परमाणु’ म्हणतात आणि ‘अणु’ म्हणजे मॉलिक्यूल. सर हिंदीत ‘अणु’ म्हणाले की मराठी माध्यमात पाया झालेल्या मुलीच्या डोक्यात ॲटम उभा राहतो आणि पुढचं सगळं वाक्य उलटं लागतं. मराठीतलं ‘संयुग’ हिंदीत ‘यौगिक’ होतं, ‘मूलद्रव्य’ ‘तत्व’ होतं, ‘वस्तुमान’ ‘द्रव्यमान’ होतं, अपूर्णांकातला ‘छेद’ ‘हर’ होतो. मराठीत ‘गुणोत्तर’ म्हणजे रेशो, हिंदीत रेशो म्हणजे ‘अनुपात’. मराठीतलं ‘प्रमाण’ हिंदीत पुरावा किंवा सिद्धता होतं. नववीपासून हिंदी माध्यम असलं तरी आठवीपर्यंत रुजलेला शब्द घाईच्या क्षणी आधी वर येतो. त्यात कॉलेजची पुस्तकं इंग्रजीत, फळ्यावर इंग्रजी आणि समजावणं हिंदीत. एका तासात तीन भाषांतून डोकं फिरवायचं म्हणजे दमणूक होतेच. त्या दमणुकीला ती ‘मला कळत नाही’ म्हणते.

उपाय साधा आहे, फक्त रोज करावा लागतो. एक दोनशे पानी वही घ्यावी आणि तीन रकाने आखावेत: इंग्रजी, हिंदी, मराठी. प्रत्येक विषयाच्या चालू धड्यातले रोज दहा शब्द लिहावेत. तिसऱ्या रकान्यात शब्दकोशातला अर्थ उतरवून भागत नाही. आपल्या बोलीत ती गोष्ट काय आहे ते एका ओळीत लिहावं. जोर इंग्रजी रकान्यावर असू द्या, कारण हिंदी-मराठीचा घोळ तिथेच सुटतो: ‘ॲटम’ म्हटलं की ‘अणू की परमाणू’ हा प्रश्नच उरत नाही. दहा शब्दांच्या हिशोबाने महिन्यात दोन-अडीचशे शब्द होतात आणि पहिल्या वर्षाच्या एका विषयाचा बराचसा कणा त्यात येतो. सोबत दोन गोष्टी कराव्यात. उद्या शिकवायच्या धड्याची दोन पानं आज वाचून जावीत, म्हणजे वर्गात शब्द पहिल्यांदा कानावर पडत नाही. आणि दर आठवड्याला एका शिक्षकांना तास संपल्यावर एकच नेमका प्रश्न विचारावा. ‘सर, कुछ समझ नहीं आया’ असं म्हटलं तर शिक्षकही काही करू शकत नाहीत. ‘सर, इस स्टेप में माइनस कहाँ से आया’ म्हटलं की दोन मिनिटांत उत्तर मिळतं आणि चेहरा ओळखीचा होतो. उत्तरपत्रिका हिंदीत लिहायची मुभा आहे का, हे विद्यापीठाच्या नियमात बघून पहिल्याच वर्षी ठरवावं. अर्ध्या वाटेत माध्यम बदललं की घसरगुंडी होते.

बोलण्याच्या हिंदीचं म्हणाल तर इंदुरी हिंदी ही वेगळीच मजा आहे: ‘भिया’, ‘अपन’, ‘कां जा रिया है’. ती आठ दिवसांत कानाला सरावते. त्यापेक्षा नाजूक गोष्ट इंदूरच्या मराठीची आहे. शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत, रामबाग, लोकमान्य नगर यांसारख्या वस्त्या आहेत, महाराष्ट्र साहित्य सभेसारखी जुनी संस्था आहे. आपली माणसं भेटतील म्हणून मुलगी मोठ्या आशेने तिथे जाते, आणि तिच्या तोंडची तावडी-खानदेशी वळणाची मराठी ऐकून कुणीतरी हसतं. परक्यांनी हसण्यापेक्षा हे जास्त लागतं. तिला आधीच सांगून ठेवा की इंदूरच्या मराठीतही हिंदीचा भरणा भरपूर आहे, कुणाचीच बोली सोवळी नाही. गणेशोत्सवात एखाद्या मंडळात काम मागून घ्यावं: सजावट, प्रसाद, लहान मुलांच्या स्पर्धा, काहीही. नुसतं पाहुणी म्हणून जाण्यापेक्षा हाताला काम असलं की ओळखी लवकर होतात, आणि बोलीकडे कुणाचं लक्ष राहत नाही.

जेवणाबद्दल घरचे काळजी करतात, पण चुकीच्या बाजूने. तुम्ही लाडू पाठवता. तिला हवी असते ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी आणि तिखट. डब्यात रोज गव्हाच्या पातळ पोळ्या, बटाटा आणि सरसरीत डाळ. बाहेर सकाळी पोहे-जलेबी आणि दिसेल त्यावर शेव. भाकरीवर वाढलेल्या पोटाला हे दोन-तीन आठवडे बाधतं: गॅस, बद्धकोष्ठ, मग जेवणच टाळणं. जेवण टाळलं की संध्याकाळी डोकं धरतं आणि मन खचतं. घरमालक गॅस किंवा इंडक्शन वापरू देत असतील तर आठवड्यातून चार संध्याकाळी तिघींनी मिळून भाकरी किंवा खिचडी करावी. एका मुलीला वेळेला दीड-दोन भाकऱ्या धरल्या तर तिघींना चार संध्याकाळींसाठी महिन्याला साधारण चार-पाच किलो ज्वारीचं पीठ लागतं. पीठ एकदम पाठवू नका. ज्वारीचं पीठ जुनं झालं की कडवट होतं आणि भाकरी थापताना चिरते. पंधरवड्याचं पाठवा किंवा तिथल्या गिरणीतून दळून घेऊ द्या. परवानगी नसेल तर शेंगदाण्याची, तिळाची, जवसाची कोरडी चटणी एकेक पाव किलो, घट्ट झाकणाच्या डब्यात द्या. ओला ठेचा आठवडाभरात बुरसतो. डबेवाल्या बाईंना थेट सांगावं, ‘पोळ्या दोन कमी द्या, डाळ घट्ट द्या’. बहुतेक जणी ऐकतात. मुली संकोचाने सांगतच नाहीत.

आता पैसा. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण ज्याला आपण संस्कृतीचा धक्का म्हणतो त्यातला बराचसा भाग रिकाम्या खात्याचा धक्का असतो. मेधावी योजनेत प्रवेश शुल्क आणि शिक्षण शुल्क येतं. मेस आणि अनामत रक्कम त्यात धरलेली नसते, आणि खोलीभाडं, डबा, बस, झेरॉक्स हे सगळं घरूनच जाणार. म्हणजे ‘स्कॉलरशिप आहे’ हे गावाला कितीही मोठं वाटलं तरी तिच्या हातात दमडीही येत नाही. गावातल्या शाळेतून बारावी प्रथम श्रेणीत झालेल्या मुलींसाठी राज्याची ‘गाँव की बेटी’ योजना आहे, महिन्याला ५०० रुपये, वर्षातले १० महिने. मागितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून या. तुम्ही अनुसूचित जाती-जमातीत मोडत असाल तर भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी आवास सहायता वेगळी आहे. त्याला भाडेकरार आणि कॉलेजचा दाखला लागतो, म्हणून घरमालकांशी तोंडी व्यवहार ठेवू नका.

पैसे अडकतात ते बहुतेक तीन ठिकाणी. पहिलं नाव. मराठी घरात मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिहेरी लिहितात. बारावीच्या गुणपत्रिकेवर नाव आणि आडनाव एवढंच, आधारवर तिन्ही, समग्र आयडीत, म्हणजे राज्य सरकारच्या ओळख क्रमांकाच्या नोंदीत, आणखी तिसरंच. संगणकाला या तीन वेगळ्या मुली वाटतात. गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण धरा, आधार आणि समग्र त्याप्रमाणे करून घ्या आणि मग समग्रचं ई-केवायसी करा, याच क्रमाने. दुसरं ठिकाण बँक. थेट जमा होणारा सरकारी पैसा आधार शेवटचं ज्या खात्याशी डीबीटीसाठी जोडलं गेलं असेल तिथे जातो. मुलीने इंदूरला नवीन खातं उघडताना फॉर्मवर सही केली आणि जोडणी तिकडे सरकली, तर गावच्या शाखेत तुम्ही महिनोन्‌महिने वाट बघत बसता. कुठलं खातं जोडलेलं आहे ते आधारच्या संकेतस्थळावर तिला स्वतःला बघता येतं. तिसरं, खात्याचा प्रकार. शाळेत असताना कमी कागदांवर उघडलेलं ‘छोटं खातं’ असेल तर त्यात शिल्लक ५०,००० रुपयांच्या वर आणि वर्षाची जमा १ लाखाच्या वर चालत नाही. केवायसी पूर्ण करून ते साधं बचत खातं करून घ्या. हे सगळं झालं तरी पैसा उशिरा येतो असंच धरून चाला. निदान तीन महिन्यांच्या भाड्याचे आणि जेवणाच्या डब्याचे पैसे घरात वेगळे काढून ठेवले, तर मुलीच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरतं. आणि तिला ठणकावून सांगा, मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला हात लावायचा नाही. हजार-दोन हजारांची नड तिथून सुरू होते आणि धमक्यांवर संपते.

सोबतच्या मुलींचा खर्च हा पैशाचा प्रश्न दिसतो, पण तो सोबतीचा आहे. वाढदिवस, ‘छप्पन दुकानं’ हा खाण्याच्या दुकानांचा रस्ता, रात्रीचा सराफा. दरवेळी ‘मला काम आहे’ म्हणून खोलीत बसलं की तीन आठवड्यांत मुली विचारणंच सोडतात, आणि मग ती खरोखर एकटी पडते. जायचं, पण आकडा आधी सांगून: ‘मी येते, माझं बजेट शंभर रुपये.’ सराफ्यात एक भुट्ट्याचा कीस तिघींत खाल्ला तरी फिरणं तेवढंच होतं. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते, दुसऱ्यांदा नाही. बऱ्याचदा तिसरी मुलगी सुटकेचा निःश्वास टाकते, कारण तिलाही झेपत नसतं. महिन्याची रक्कम चार भागांत वाटून दर सोमवारी एकच भाग खर्चाच्या खात्यात ठेवावा. फोनवरून पैसे देताना पाकीट रिकामं होत असल्याचं हाताला कळत नाही.

शहराच्या शिस्तीबद्दल थोडंसं. इंदूरमध्ये ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी असा कचरा घरातच वेगळा करून सकाळच्या गाडीत द्यावा लागतो. नव्या मुली सगळं एका पिशवीत कोंबतात आणि घरमालकीण चारचौघांत बोलते. ‘गावाकडून आलेत’ हा टोमणा पहिल्यांदा बहुतेक इथेच ऐकायला मिळतो. कुठला कचरा कुठल्या डब्यात, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं, विषय संपला. आणि खोली कॉलेजपासून पायी जाता येईल इतकीच लांब असावी, निदान पहिलं वर्ष. भाडं पाचशेने कमी म्हणून लांब गेलं तर तो पैसा ऑटोत जातो आणि संध्याकाळ रस्त्यात.

फोनचं मात्र घरच्यांनाच सुधारायचं आहे. दिवसातून चार फोन आणि प्रत्येकात ‘जेवलीस का, रडू नकोस’. यामुळे तिचं अंग इंदूरला आणि जीव शहापुरात राहतो. एकच वेळ ठरवा, संध्याकाळी साडेसात-आठ, पंधरा मिनिटं. रात्री दहानंतर नको, कारण दमलेल्या डोक्याला सगळंच काळं दिसतं, आणि तुमच्याशी बोलून ती झोपते, तुम्ही मात्र रात्रभर जागे राहता. ‘बरी आहेस ना?’ याला उत्तर एकच, रडणं. त्याऐवजी विचारा, ‘आज कुणाशी नवीन बोललीस? भाकरी कशी झाली?’ तिने तक्रार सांगितली तर लगेच तोडगा देऊ नका आणि ‘परत ये’ तर मुळीच म्हणू नका. नुसतं ऐकून ‘मग तू काय केलंस?’ एवढंच विचारा. घरातल्या अडचणी, आजारपणं, केळीचा पडलेला भाव तिच्यापासून लपवूही नका. लपवलं की तिला अंदाज येतो आणि ती मनाने वाईटातलं वाईट धरून बसते.

घरी कधी यावं? दर शनिवारी नको. चार-पाच तासांची बस, शनिवारचा वर्ग बुडतो, सोमवारी उशीर होतो, आणि ज्या दोन दिवसांत मैत्री होते ते दोन दिवस ती गावात असते. पहिल्या सहा आठवड्यांत एकदा, नंतर महिन्यातून एकदा पुरे. पण घरातला महत्त्वाचा सण असेल, कानबाई बसवत असाल, तर जरूर बोलवा, तारीख आधी सांगून. ठरलेली तारीख समोर असली की मधले दिवस कापता येतात.

‘फुकटवाली’, ‘कोटेवाली’ असं कुणी म्हणत असेल तर तो समजून घेण्याचा विषय नव्हे. तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवावेत आणि कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे किंवा अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे लेखी द्यावं, पोच घेऊन. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालते.

काही खुणा मात्र सवयीच्या त्रासाच्या पलीकडच्या आहेत. सलग दोन आठवडे झोप किंवा जेवण जवळजवळ बंद, वर्गाला जाणं थांबलेलं, अंघोळ-कपड्यांकडे लक्ष नाही, फोन उचलत नाही, ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ किंवा ‘मी नसतेच तर’ अशी भाषा. यातलं शेवटचं एकदा जरी ऐकलं तरी त्याच दिवशी बस पकडा, तिला एकटी ठेवू नका. तोपर्यंत खोलीतल्या मुलींना सोबत बसायला सांगा. टेली-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मोफत आहे, भाषा निवडता येते. तुम्ही पालक म्हणूनही तिथे सल्ला विचारू शकता. महाराजा यशवंतराव रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवता येतं. अशा वेळी कॉलेज, फी, शिष्यवृत्ती सगळं नंतर.

तसं काही नसेल तर निर्णय पहिल्या परीक्षेच्या निकालानंतर घ्या, आणि तेव्हा तिच्याशी समोरासमोर बसून तीन गोष्टी तपासा. वहीतले शब्द वाढले की नाहीत? नाव घेऊन सांगता येतील अशा दोन मैत्रिणी झाल्या की नाहीत? आठवड्यातले किती दिवस पोटभर जेवते? तिन्हीत काहीच हललं नसेल आणि तिचंही मत तेच असेल, तर बऱ्हाणपूरच्या कॉलेजात बदली करून घेण्यात कमीपणा नाही. फक्त ती वर्ष पूर्ण करून, परीक्षा देऊन करा. मधेच नाव काढलं तर वर्ष जातं आणि योजनेतलं नूतनीकरणही अडतं. बदली होण्याआधी दोन्ही कॉलेजांच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून, शक्य तर लेखी घेऊन ठेवा.

येत्या रविवारी तुम्ही स्वतः एकदा जाऊन या, तिच्या आईला सोबत घेऊन. सामान आवरून आणायला म्हणून जाऊ नका. तिची खोली बघा, घरमालकीणबाईंशी बोला, त्या दोन मुलींना जेवायला बसवा. जाताना ज्वारीचं पीठ दोन किलो आणि तीन रकाने आखलेली वही घेऊन जा.